आगरावरचं तांबडं फडकं

फाल्गुन उतरणीला लागला की खाडीकाठचं ते मिठागर पांढरं होत जातं. आधी नुसतं पाणी असतं, आभाळ पोटात घेऊन पडलेलं. मग त्या पाण्यावर पातळ साय धरते, ऊन तिला आटवतं, वारा तिला विंचरतो, आणि एका सकाळी पाणी नाहीसं होऊन तिथे उजेडच सांडलेला दिसतो. कणाकणाचा, टोचणारा, शुभ्र उजेड. झाड नाही, सावली नाही. चौकोनामागे चौकोन, बांधामागे बांध, आणि सगळ्याच्या पार पलीकडे, गावाच्या कडेला, एक उंच डोलकाठी.

त्या दिवशी डोलकाठीवर तांबडं फडकं चढलं, तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता.

हसूरामनं मीठ ओढायचं लाकडी फावडं थांबवलं आणि डोळ्यांवर हात धरला. तांबडंच होतं. तांबडं म्हणजे जेवण झालं, या. इतक्या लवकर कसं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, बायकोला, ठमाला बाजाराला जायचं असेल, नाहीतर नातीचा काही नवस असेल. शेजारच्या आगरातून हिराजीनं हाक मारून विचारलं, आज वहिनीची चूल कोंबड्याबरोबर उठली काय. हसूराम हसला. हातातला वाफा अर्धा ओढून झाला होता. अर्धं ओढलेलं मीठ तसंच टाकलं तर वाऱ्यानं मातकट होतं, म्हणून त्यानं तो पुरा केला. मिठाची रास नीट रचली. मडक्यातलं गोडं पाणी पायांवर घेतलं, दोन घोट प्यायला, आणि बांधावरून सावकाश निघाला.

वाटेत त्याला तव्यावरच्या सुक्या बोंबलाचा वास आला. खरंच आला की भुकेनं आणला, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

अंगणात बायका बसल्या होत्या.  ओसरीवर ठमाबाई निजली होती, उंबऱ्याकडे तोंड करून, लुगड्याचा पदर कुणीतरी नीट सारखा केलेला. चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवलेली होती. भाकऱ्या टोपलीत झाकलेल्या होत्या. आणि सून गुलाब डोलकाठीपाशी उभी होती, कडेवर लेक, हातात दोरी. फडकं चढवून किती वेळ झाला होता. तिनं दोरी सोडली नव्हती.

“आताच गेली रं,” एक म्हातारी म्हणाली. “छातीत कळ आली. तुझी वाट बघत व्हती.”

वर तांबडं फडकं वाऱ्यावर वाजत होतं. जेवायला या, जेवायला या, म्हणत होतं.

*

ठमाबाई डोंगराकडच्या गावातली. तिच्या माहेरी वाटेला वळण होतं, वळणाला झाड होतं, झाडाखाली कुणीतरी बसलेलं असायचं. लग्न होऊन ती या सपाट गावात आली तेव्हा पहिल्या दिवशी भाकरी घेऊन आगरात निघाली आणि बांधावर थबकली. समोर सगळं पांढरं. त्या पांढऱ्यावर उन्हाचं पाणी हलत होतं, आणि त्या हलत्या पाण्यात माणसं कमरेपासून तुटून तरंगत होती. त्यातला आपला नवरा कोणता, हे तिला कळेना. हाक मारली तर खाडीचा वारा हाक उलट तोंडात कोंबायचा. ती तशीच भाकरी घेऊन परत आली आणि चुलीपाशी बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं हळदीच्या लुगड्याचं टोक फाडलं. तांबडं, जाड, अजून हळदीचा वास असलेलं. मागीलदारी मोडक्या मचव्याची डोलकाठी पडली होती. दिराच्या हातापाया पडून ती तिनं अंगणात पुरून घेतली, वर दोरी ओवली, आणि फडकं चढवलं. लांब, त्या तरंगत्या माणसांपैकी एकानं मान वर केली. तो कोण, हे मग तिला कळलं.

तेव्हापासून तांबडं म्हणजे जेवण.

पुढे तिनं रंग वाढवले. तांबड्याखाली पिवळं आलं की पाहुणे आलेत, पायांचं मीठ नीट धुऊन या. हिरवं चढलं की लेक माहेरी आली. पोराचा जुना सदरा उलटा टांगला की घरात पोरांनी काहीतरी फोडलंय, पण मी मारलंय त्यांना, तुम्ही येऊन परत मारू नका. आणि ऊन डोक्यावर आलं तरी काठी नुसतीच उभी राहिली, तर अख्ख्या आगराला कळायचं की ठमा रागावली आहे. मग हिराजी मुद्दाम फावडं टाकून या बाजूला यायचा.

“हसूदादा, आज झेंडा नाय. रातच्याला काय बोललास?”

हसूराम फावडं ओढत राहायचा. उपाशी पोटानं घरी जायचा आणि अंगणात शिरण्याआधी खोकायचा. ती बघायचीही नाही, पण पाट मांडलेला असायचा.

आगरातले सगळेच त्या फडक्यावर जेवायचे. कुणाकडे घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी मिठाच्या हातांनी कुणी खिशात घातला नसता हात. तांबडं चढलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत फावडी आडवी व्हायची. एका बाईची चूल शांत झाली की चाळीस माणसांची भूक जागी व्हायची. तिला हे ठाऊक होतं. म्हणून ताप असला तरी तिनं तांबडं चुकवलं नाही, बाळंतपणात चुकवलं नाही. तेव्हा नणंद दोरी ओढायची आणि ती आतून विचारायची, वर गेलं का नीट, गुंतलं तर नाही ना.

एक रंग मात्र तिनं कधी ठेवला नाही. वाईट बातमीचा.

त्यांचा मधला मुलगा तापात गेला, त्या दिवशी काठी रिकामी होती. हसूरामला वाटलं, रागावली. काम करता करता त्यानं वर पाहिलं तर बांधावरून ठमा येत होती. अनवाणी, डोक्यावर पदर नाही. एवढ्या लांबच्या वाटेवर ती कुठे थांबली नाही, कुणाशी बोलली नाही. तो जिथे उभा होता तिथवर आली, त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, खाली ठेवलं, आणि मग सांगितलं. नंतर कधीतरी, पुष्कळ दिवसांनी, त्यानं विचारलं होतं, कुणाला पाठवलं का नाहीस, काहीतरी चढवलं का नाहीस. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

“असला काय लांबून दाखवायचा नसता. मी येईन चालत.”

आणि ती आली. सासू गेली तेव्हा आली. भरतीनं बांध फोडून घरात पाणी शिरलं तेव्हा आली. दरवेळी तशीच, न थांबता. दरवेळी त्याच्या हातातलं आधी खाली ठेवून.

*

ठमाबाई गेल्यावर डोलकाठी रिकामी राहिली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मुलगा काशिनाथ, गुलाबचा नवरा, मुंबईच्या गोदीत होता. तो पंधरवड्याची सुट्टी संपवून गेला. चैत्र आला, ऊन पिकलं, मीठ भराभर बसू लागलं. हसूराम पुन्हा आगरात उतरला. माणसाला बसून राहता येतं, मिठाला नाही.

तो काम करायचा आणि मान वर करायचा. काठी उभी असायची, आभाळाला टेकलेली, अंगावर चिंधी नसलेली. तो पुन्हा खाली बघायचा. सगळे तसंच करत होते. कुणी लवकर जेवायचं, कुणी उशिरा, कुणी विसरायचं. बांधावर एकत्र बसणं मोडलं. हिराजीसुद्धा आता काही विचारायचा नाही. एकदाच म्हणाला, वहिनी गेली आणि आगराची दुपारच गेली.

गुलाब सैपाक वेळेवर करायची. भाकरी फडक्यात बांधून शेजारच्या बाईबरोबर पाठवायची. घरात ती सासऱ्यासमोर जपून वावरायची. त्याचं ताट वाढायची, तांब्या भरून ठेवायची, आणि त्यानं मान वर केली की आत जायची. तांबडं फडकं कोनाड्यात घडी घालून ठेवलेलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही, त्यानंही नाही. कोनाड्यावरून झाडू फिरायचा, पणती लागायची, आणि ती घडी तशीच. घरात ठेवलेल्या निखाऱ्यासारखी.

हसूरामला एक विचारायचं होतं. त्या दिवशी तो वाफा पुरा करत होता, रास रचत होता, पाय धूत होता, तेवढा वेळ ठमा जिवंत होती. त्या वेळात ती काय बोलली? पण विचारलं तर त्या पोरीला वाटेल, बाबा दोष देतात. धावत ये म्हणायला जेवणाचं फडकं का लावलंस, असं म्हणतात. आणि ते त्याच्या मनात नव्हतंच, असंही नव्हतं. ओढलेल्या मिठाखाली जशी थोडी माती येते, तशी ती गोष्ट त्याच्या मनाच्या तळाला होती. म्हणून तो बोलत नव्हता.

गुलाबही बोलत नव्हती. दोघं एकाच घरात, एकाच दिवसाच्या दोन बाजूंना राहत होती.

*

वैशाखात हसूरामच्या टाचेला चीर पडली. मिठात भेगा पडतातच, पण ही खोल गेली, सुजली, पाय टेकवेना. रासा तर बांधावर उघड्या पडलेल्या. पेंढ्यानं झाकण्याआधी त्या उचलून वरच्या जागेवर न्यायला हव्या होत्या. गुलाब म्हणाली, बाबा, तुम्ही घरी बसा, मी जाते. लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं, पाटी उचलली, आणि गेली.

तो ओसरीवर बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भर कामाच्या वेळी आगर गावाकडून पाहिलं.

केवढं लांब होतं ते. केवढं पांढरं. त्यावर उन्हाचं पाणी हलत होतं, आणि त्या पाण्यात माणसं कमरेपासून तुटून तरंगत होती. डोक्यावर पाटी असलेल्या बाया येत होत्या, जात होत्या. त्यातली गुलाब कोणती? त्यानं डोळे बारीक केले. कळेना. नातीला विचारलं, तुझी आय कुठली गं. तिनं खाडीवरच्या बगळ्याकडे बोट केलं.

मग त्याला ती डोंगराकडची नवी नवरी दिसली, याच ओसरीवर उभी, हातात भाकरी, आणि समोर हे एवढं मोठं, माणूस गिळणारं पांढरं. इतकी वर्षं तो लांबून त्या काठीकडे बघत आला होता. काठीखाली उभं राहून लांब बघणं म्हणजे काय, हे त्याला कळलं नव्हतं.

ऊन चढलं. त्यानं लंगडत चूल पेटवली. भात शिजवला, खाली लागला. बोंबील भाजले, एका बाजूनं काळे झाले. नात त्याच्या धोतराला धरून बघत होती आणि मधूनमधून शिंकत होती. दोन ताटं घेतली, एक लहान वाटी घेतली. सगळं मांडून झाल्यावर तो थांबला. आता तिला बोलवायचं कसं?

हाक मारली. वाऱ्यानं ती परत आणून दिली.

तो कोनाड्यापाशी गेला. घडी उचलली. ती हलकी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली, कडा विरलेल्या. मधोमध ठमानं दुसऱ्या कुठल्या तांबड्याचं ठिगळ लावलं होतं. किती वर्षं लांबून पाहिलं, ठिगळ कधी दिसलं नव्हतं. अंगणात येऊन त्यानं दोरी सोडवली. गाठ कशी मारायची, हे कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं आपली खुंटीला मारतात तशी मारली, आणि दोरी ओढली.

तांबडं वर गेलं. अडखळत, गिरक्या घेत, मग वारा भरून ताठ.

आगरात एक मान वर झाली. मग दुसरी. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत माना वर झाल्या, जसं गवतावरून वारं जावं. फावडी आडवी झाली. आणि त्या तरंगत्या माणसांतून एक बाई सुटली. पाटी फेकून, काष्टा सावरत, बांधावरून धावत सुटली.

त्यानं गुलाबला ओळखलं नाही. धावतंय कोण, एवढंच बघत राहिला. ती एकदा घसरली, पडली, उठली, पुन्हा धावली. अंगणात आली तेव्हा तिचे गुडघे फुटले होते, हातांना चिखल होता. तिनं लेकीला उचललं, तिचं अंग चाचपलं. मग सासऱ्याकडे पाहिलं. तो चुलीपाशी उभा होता, हातात उलथनं.

“भात झालाय,” हसूराम म्हणाला. “खाली लागलाय जरा.”

गुलाब मटकन खाली बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. तिला पाणी देऊन तो समोर बसला. तिच्या गुडघ्यावरचं रक्त बघत बसला. मिठाच्या पाण्यानं ते चरचरत असणार. तांबडं बघून ती का धावली, हे त्याला कळलं. आता या घरात तांबडं म्हणजे तेच झालं होतं. आणि हे कळल्यावर इतके दिवस अडवलेलं तोंडाशी आलं.

“पोरी, त्या दिवशी काय बोलली ती?”

गुलाबनं पदरानं तोंड पुसलं. लेक तिच्या मांडीवर भात खाऊ लागली होती.

“मी तं पिवला, हिरवा, सगलाच चढवायला निंगाले व्हते, बाबा. हाताला येल ता. आयेनच माझा हात धरला. बोलली, तांबडाच लाव. दुसरा लावशील तं तो धावंल. बांधाला शेवाल हाय, सरकून परंल. जेवान झालाय असाच वाटू दे त्याला. हातातला काम उरकून चालत येऊ दे.”

ती थांबली. तिनं लेकीच्या हनुवटीवरचं शीत टिपलं.

“मी तुमाला कसा सांगू? दोष गेलेल्या मानसावं घातल्यासारखा झाला असता.”

 हसूरामनं आपल्या ताटातला, न करपलेला बोंबील उचलून तिच्या ताटात ठेवला. मग त्यानं समोर पाहिलं, त्या पांढऱ्या, हलत्या, निःशब्द विस्ताराकडे. म्हणजे ती तेव्हाही आली होती. पाय उचलत नव्हते म्हणून तांबड्यावर बसून आली होती. जिनं प्रत्येक वाईट बातमी चालत येऊन, हातातलं खाली ठेवून मग सांगितली, तिनं आपली बातमीही तशीच सांगितली होती. आधी त्याचा वाफा पुरा होऊ दिला. रास नीट रचू दिली. पायांचं मीठ धुऊ दिलं, दोन घोट पाणी पिऊ दिलं. मग घरी बोलावून सांगितलं.

त्यानं उरलेला बोंबील भातात कुस्करला आणि घास घेतला. करपट लागला. त्यानं तो गिळला, दुसरा घेतला.

“असा कुनी करतंय व्हय भात,” गुलाब म्हणाली. “आयेनं बघितला असता तं काठी रिकामीच ठेवली असती आज.”

“आनी हिराजीनं येऊन इचारला असता,” तो म्हणाला.

दूर आगरात, बांधाच्या कडेनं, माणसं कित्येक दिवसांनी एकत्र बसली होती. फडकी सुटत होती, भाकऱ्या हातावरून हातावर जात होत्या. हिराजी उभा राहून या बाजूला हात हलवत होता.

जेवण झाल्यावर गुलाबनं फडकं उतरवलं. त्याची गाठ तिला सुटेना; असली गाठ कुनी मारतंय, म्हणत तिनं ती दातांनी सोडवली. मग ठमाबाईच्या पेटीतून सगळी फडकी काढून अंगणात उन्हाला टाकली. पिवळं, हिरवं, बाह्या गेलेला सदरा. लेक एकेक उचलून डोक्यावर घेत होती. गुलाब बाकीच्या चिंध्यांत शोधत राहिली, आणि मग तिनं हळूच विचारलं, पुढे कधी खरंच धावत यायची वेळ आली तर कुठलं लावायचं. पांढरं तर आगरावरून दिसत नाही. काळं घरात नाही. आणि चालत जाऊन सांगणारी नाही.

हसूरामनं सूज आलेला पाय उन्हात लांब केला.  बघू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांबडं वेळेवर चढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पांढऱ्या, अफाट, झाड नसलेल्या त्या उजेडावर ते ठिगळाचं तांबडं रोज वाऱ्यावर वाजतं, आणि रोज माना वर होतात, फावडी आडवी होतात, माणसं चालत जेवायला जातात.

वाईट बातमीचा रंग ठमानं ठरवला नव्हता. तो अजून ठरायचा राहिला आहे.